ओठांतलं टोपण

चूक माझी होती, हे आधीच कबूल करते. भाचीला मी बुद्धिबळ शिकवलं ते शिलाई मशीनवर बसून. माझी नजर सुईवर, पट तिच्या पुढ्यात. ती दोघींच्या सोंगट्या हलवायची आणि प्रत्येक चाल मला मोठ्यानं सांगायची. हळूहळू विचारही मोठ्यानंच करायला लागली. घरी तिला आम्ही टकळीच म्हणतो.

आज स्पर्धेची शेवटची फेरी. जिंकली तर संघात, नाहीतर संधी गेली, पुढच्या वर्षी वयात बसणार नाही. समोर उंच, चष्मेवाला मुलगा. दहाव्या चालीला त्यानं हात वर केला. "सर, ही बोलते."

पंचांनी समज दिली. पाच मिनिटांत पुन्हा हिचं सुरू, "घोडा तिकडे गेला तर..."

"आता एक शब्द जरी ऐकला तर डाव गेला," पंच म्हणाले.

मी प्रेक्षकांच्या दोरीमागे उभी होते. त्या मुलाचा राग आला, पण हिचे बेत फुकट ऐकायचे सोडून तक्रार करतो म्हणजे पोरगा सरळच म्हणायचा.

टकळीनं माझ्याकडे वळून पाहिलं. मला खूण करायचीही मुभा नव्हती. मग तिनं पेनाचं टोपण काढलं आणि ओठांत घट्ट धरलं.

मला हसू आलं. कापडाला लावायच्या टाचण्या मी अशाच ओठांत धरते. तेवढाच वेळ घरात शांतता असते, असं माझा भाऊ म्हणतो.

तासभर टोपण हललं नाही. इतक्या लांबून पट दिसत नव्हता, चाली ऐकू येत नव्हत्या. तिचा डाव पहिल्यांदाच मला कळत नव्हता आणि ते सोसवत नव्हतं. शेवटी मुलानं हार मानून आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

ती बाहेर धावत आली, टोपण तोंडात तसंच.

"काढ ते आता," मी म्हटलं.

"आत्या, माझ्या पांढऱ्या सोंगट्या होत्या. पहिलं प्यादं..." पहिल्या चालीपासून सगळा डाव सुरू झाला. मी सवयीनं डोळे मिटले आणि मला पट दिसायला लागला.

"तिथं मी हत्ती मारला असता तर?" मागून आवाज आला. चष्मेवाला उभा होता.

"मार की," टकळी म्हणाली. "मग माझा उंट सरकतो. बोल, तुझी चाल."

त्यानं पंच जवळपास नाहीत ना ते पाहिलं, आणि मोठ्यानं विचार करायला लागला.