तालिताचं ताट

ऑक्टोबरातला मुलांचा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये मुलंच बोलतात आणि घरी मुलंच आधी जेवतात. मोठी माणसं वाढतात, वारा घालतात, उष्टी काढतात. बेटावरचं अख्खं गाव त्याची वाट बघतं. फुआतिनोची मात्र झोप उडाली होती. तिच्या पाच वर्षांच्या लेकीचं, तालिताचं, बायबलमधलं वचन काही केल्या पाठ होईना. कॉलेज शिकलेल्या आईची पोर, आणि चार ओळी येऊ नयेत? केस विंचरताना, नारळ खवताना, सारखं घोकून घेणं चाललेलं.

पांढऱ्या फ्रॉकातली तालिता सगळ्यांसमोर उभी राहिली, झालर मुठीत धरली आणि गप्प झाली. फुआतिनोनं बाकावरून हळूच पहिला शब्द दिला. मग दुसरा. मग राहवेचना, तिनं अख्खं वचन स्वतःच म्हणून टाकलं, तेही खणखणीत. सारं चर्च हसलं. तालिता रडत खाली आली.

"वहिनी, पुढच्या वर्षी फ्रॉक तुलाच शिवू या," वाटेत नणंद म्हणाली.

घरी मुलं चटईवर ओळीनं बसली. तालिता खांबाआड उभी.

"चल ना गं जेवायला," फुआतिनो म्हणाली.

"मी म्हटलंच नाही. मला कसं मिळेल?"

फुआतिनोला वाटलं, हीच वेळ आहे. "मग आता म्हण. एकदाच. म्हटलंस की लगेच ताट."

पोरीनं तोंड उघडलं. शब्द काही फुटेना.

तेवढ्यात सासरे आले. ओनोसाई, घराण्याचे प्रमुख. एरवी त्यांच्यापुढे ताट आल्याशिवाय घरात कुणी घास उचलत नसे. आज ताट त्यांच्या हातात होतं. नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, भाजलेल्या डुकराचा सगळ्यांत चांगला तुकडा, एरवी त्यांच्याच वाट्याचा. दुखरे गुडघे सांभाळत ते खांबाशी बसले.

"मामंजी, थांबा जरा. तिचं वचन—"

"सूनबाई, वर्षभर पहिलं ताट माझं. मी कधी काही म्हणून दाखवलं?"

"तुमची गोष्ट वेगळी."

"वेगळी कसली? या घरात जन्मलो, एवढंच केलं मी. आणि हिला तर वरच्या बापानं आपली म्हटलंय, बोलता यायच्या आधीच. त्यानं नाही घेतली, ती परीक्षा तू घेणार?" मग ते नातीकडे वळले. "बाई, मला सपाटून भूक लागलीय. तुझं झाल्याशिवाय मला कुणी वाढणार नाही. आ कर बघू."

तालितानं आ केला.

आजोबा पंख्यानं माश्या वारत होते आणि पोर खात होती. फुआतिनो बघत राहिली. किती सहज बसला होता हा माणूस, सगळ्यांच्या खाली! तिनं त्यांच्या हातातला पंखा घेतला. तरी तिला राहवेना.

"आलं का गं आता आठवून?"

"नाही. आइस्क्रीम आहे?"

ओनोसाई खो खो हसले. फुआतिनोनं वाटी काठोकाठ भरून आणली. तालितानं पहिला चमचा आईच्या ओठांशी नेला.

"अगं, आज तुमचा दिवस. मी कशी घेऊ?"

"घे की," मामंजी म्हणाले.

आणि फुआतिनोनं तोंड उघडलं.