कंदील धरणाऱ्या मुलाचा आवाज

लोकांना मतं फार. दर नाताळात संध्याकाळच्या जेवणाआधी टेलिव्हिजनवर 'बर्फातला कंदील' हा बाहुल्यांचा छोटा सिनेमा लागायचा. अख्खा देश बटाट्याचं सॅलड कालवता कालवता तो बघायचा आणि जानेवारी उजाडला की पत्रं लिहायला बसायचा. बर्फ मैद्याचा वाटतो. हिवाळ्याची म्हातारी भेसूर आहे, आमची नात पलंगाखाली लपते. आणि हल्ली जवळजवळ प्रत्येक पत्रात एक तक्रार ठरलेली असायची, की गोष्टीतला तो मुलगा असा घोगरा, धाप लागल्यासारखा का बोलतो? एका बाईंनी तर लिहिलं होतं, पडसं झालेलं बदक बरं.

गोष्ट साधीच होती. हिवाळ्याची म्हातारी एका मुलाच्या आईला पळवून नेते. मुलगा रानाच्या कडेला कंदील धरून उभा राहतो आणि हाक मारतो, "आई, मी उजेड धरलाय. तू ये." शेवटी आई बर्फातून चालत येते. सगळी माणसं लाकडी, बोटभर उंचीची.

तो मुलगा हलवला होता व्लास्ता कोउटनाने. गॉटवाल्डोव गावातल्या टेकडीवरच्या स्टुडिओत ती बाहुल्या हलवायची. तिथली रीत अशी, की आवाज आधी ध्वनिमुद्रित व्हायचा आणि मग त्या आवाजावर बाहुलं हलवायचं. केसभर खांदा उचला, एक चित्र घ्या, पुन्हा केसभर उचला. मुलाच्या आवाजासाठी ब्रनोहून एक बालनट यायचा होता, त्याला नेमकं गालगुंड झालं. दिग्दर्शक म्हणाला, "तुझंच पोर आण की." व्लास्ताने रादिमला नेलं. सहा वर्षांचं दमेकरी पोर ते! 'आई' म्हटल्यावर त्याला थांबून श्वास ओढावा लागायचा, मगच पुढचं वाक्य निघायचं. दिग्दर्शकाला तेच आवडलं. व्लास्ताने तो श्वास बाहुल्याच्या खांद्यांत घातला.

एवढ्याशा प्रसंगाला सगळा हिवाळा गेला. काम सुरू झालं तेव्हा रादिम घरी खोकत होता. बर्फातून आई चालत येते ते शेवटचं चित्र घेईपर्यंत तो राहिला नव्हता. अंत्यविधी उरकून व्लास्ता पुन्हा टेकडी चढली, कारण दुसऱ्याचा हात लागला असता तर हालचाल बदलली असती. नामावलीत नाव त्या ब्रनोच्या पोराचंच राहिलं. कोणाला ते बदलायचं सुचलं नाही आणि तिने कोणाला सांगितलं नाही.

त्र्याऐंशीच्या शरदात स्टुडिओच्या ध्वनिविभागातला ओल्डा तिच्याकडे आला. व्लास्ता तोवर निवृत्त झाली होती, नवरा वारला होता, आणि कारखान्याने बांधलेल्या वसाहतीत ती एकटी राहत होती.

"आधी बस बघू," ओल्डा म्हणाला.

"माझ्याच घरात मला बस म्हणतोस! काय झालंय?"

"'कंदील'चा आवाज नव्याने भरतायत. जुना खरखरतो. प्रागहून एक चुणचुणीत मुलगा आणलाय."

"रादिमचा आवाज काढणार?"

"त्याच्याबद्दलच तर पत्रं येतात गं." ओल्डाने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी तुला टेपवर उतरवून देतो. हवं तेव्हा ऐक."

"टेपवर तो मेलेला असेल रे," व्लास्ता म्हणाली. "टेलिव्हिजनवर तो सहा वर्षांचा असतो. वर्षातून एकदा का होईना, घराघरांतून हिंडून येतो."

ओल्डाने टोपी उचलली. जाता जाता त्याने सांगितलं, की नाताळाआधी संस्कृती भवनात प्रेक्षकांची सभा आहे. दोन्ही आवाज ऐकवून मत घेणार आहेत.

व्लास्ता बुडत्या माणसासारखी त्या सभेला धरून बसली. आधी सभा चालवणाऱ्या, टेलिव्हिजनच्या तोमानोवाबाईंना गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांचे डोळेसुद्धा भरून आले. पण म्हणाल्या, "कॉम्रेड कोउटना, हे सभेत बोलू नका. लोक मग गोष्ट बघणार नाहीत, तुमच्याकडे बघत बसतील. प्रेक्षकांना ठरवू दे."

व्लास्तालाही ते पटलं. पोटच्या पोराच्या नावाने भीक कशी मागायची? मग तिने नाताळची बिस्किटं, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, भाजल्या आणि डबा घेऊन वसाहतीतली दारं ठोठावली. जी बाई जिन्यात कोणाशी दोन शब्द धड बोलली नव्हती, ती आता उंबऱ्याउंबऱ्यावर उभी राहून विनवू लागली.

"सभेला या हो. जुन्या आवाजाच्या बाजूने हात वर करा."

"येऊ की," समोरची बोझेना तोंडात चंद्रकोर टाकत म्हणाली. या वसाहतीत ती नवीनच राहायला आली होती. "पण जुन्यात असं काय आहे? तो तर रडका वाटतो."

"मला आवडतो," व्लास्ता म्हणाली. आणि तिने डबा पुन्हा पुढे केला.

सभेला सभागृह भरलं. फुकटचा सिनेमा आणि प्यायला गरम पंच म्हटल्यावर भरणारच. आधी नवा आवाज झाला. मुलगा खरंच गोड बोलत होता, घंटेसारखा खणखणीत. मग जुनी फीत लागली. खरखरीतून ती हाक आली, "आई..." आणि तो श्वास, आणि "मी उजेड धरलाय." मागच्या रांगेतली दोघं खुदकन हसली. कोणीतरी खोकून त्याची नक्कल केली. व्लास्ताने खुर्चीचे हात घट्ट पकडले. तिला वाटलं, उठावं, पडद्यासमोर जाऊन उभं राहावं आणि त्याला या लोकांपासून झाकावं.

दिवे लागले. एका गृहस्थांनी मत दिलं, की आवाज स्वच्छ हवा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, की सणासुदीला धाप कशाला ऐकायची? व्लास्ताला त्यातलं काही धड ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात अजून तो श्वासच होता. तोमानोवाबाई मंचावर आल्या आणि त्यांनी सवयीने, कुठल्याही सभेत विचारतात तसंच विचारलं.

"प्रस्ताव नव्या आवाजाचा. कोण बाजूने?"

सगळे हात वर गेले. आमच्याकडे पहिल्या प्रश्नाला हात वर जातोच. कारखान्यात, शाळेत, कामगार संघटनेत, उभा जन्म गेला त्यात. प्रश्न काय होता हे माणसाला हात खाली घेताना आठवतं. ज्यांनी चंद्रकोरी खाल्ल्या त्यांचे हात वर होते, ओल्डाचासुद्धा. व्लास्ताने आजूबाजूला पाहिलं, मग वर पाहिलं. एक सुरकुतलेला हात तिच्या डोक्यावर ताठ उभा होता. तो तिचाच होता.

"कोण विरोधात?"

तिने हात खाली ओढला. तोच पुन्हा वर करावा की उठून बोलावं, हे ठरवेपर्यंत वेळ निघून गेली.

"कोणी नाही. एकमताने मंजूर," तोमानोवाबाई म्हणाल्या. त्यांनी व्लास्ताकडे जरा नवलाने पाहिलं. त्यांना वाटलं असेल, बाईंनी मन मोठं केलं.

त्यानंतरचे दिवस व्लास्ताने कसे काढले ते तिलाच ठाऊक. उजव्या हाताने चमचा धरायचाही तिला राग यायचा. याच हाताने त्याला श्वास दिला आणि याच हाताने त्याचा गळा दाबला, असं ती मोठ्याने म्हणायची. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

नाताळच्या संध्याकाळी बोझेना कार्प माशाचे तळलेले तुकडे घेऊन आली. "एकटी कशाला बसतेस?" म्हणत तिने स्वतःच टेलिव्हिजन लावला. व्लास्ताला नको म्हणायचंही त्राण नव्हतं. ती पडद्याकडे पाठ करून सॅलड वाढत राहिली. टेलिव्हिजनवरच्या रानात वारा सुटला. मग त्या प्रागच्या मुलाचा खणखणीत आवाज आला, "आई, मी उजेड धरलाय. तू ये." एका दमात, कुठेही न अडखळता.

"छानच!" बोझेना म्हणाली. "आता कसं स्पष्ट ऐकू येतं. पण व्लास्ता, इकडे बघ ना. याचं बोलणं चालूय आणि हा बाहुला मध्येच थांबून खांदे कशाला उडवतोय? बघ, पुन्हा! काहीतरी चुकलंय त्यांचं."

व्लास्ता वळली. पडद्यावर कंदील धरून उभा असलेला मुलगा हळूहळू खांदे उचलत होता. केसभर, अजून केसभर. आवाज पुढे निघून गेला होता आणि तो मागे एकटाच श्वास ओढत होता, सगळा हिवाळा तिने ओढायला लावला होता तसाच. व्लास्ताच्या हातातला वाढायचा चमचा खाली पडला. तिचेही खांदे त्याच्याबरोबर वर गेले.

"मी लिहिणारच आहे त्यांना," बोझेना माशाचा काटा काढत म्हणाली. "पुढच्या वर्षी तेवढा तुकडा कापून टाका म्हणावं."

व्लास्ताने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं.

"नको गं, तेवढं लिहू नकोस," ती म्हणाली. "तेवढा राहू दे. तो माझा मुलगा आहे."