धुतलेले द्यावेत, इस्त्री करू नये

मित्रांनो, तवाहीच्या धक्क्यामागच्या गल्लीत एका निळ्या दाराशी जी काळी, जड वस्तू पडलेली दिसते, ती मी. समुद्रावरून वारा सुटला की दार आपटू नये, एवढेच आता माझे काम. येणारे-जाणारे मला धोंडा समजतात. त्यांचे काय चुकले? पण मी कोळशाची इस्त्री आहे, आणि एडनच्या या बंदरात माझ्याखालून गेलेल्या कपड्यांनी अर्धे जग पाहिले आहे.

गावाबाहेरच्या शेख उस्मान वस्तीतल्या एका लोहाराने मला घडवले. जहाजाच्या तुटक्या साखळीचे लोखंड त्याने भट्टीत घातले, बूड जाड ठेवले, बोरीच्या लाकडाची मूठ बसवली आणि झाकणावर पितळेचा छोटा कोंबडा लावला. दुर्रा नावाच्या धोबिणीने मला पहिल्यांदा उचलले तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, ही तर माझ्या सासूपेक्षा जड आहे!" आणि हसत हसत मला घरी घेऊन आली.

दुर्राचा हात मोठा कसबी होता. या गावात पाऊस नाही, विहिरी खाऱ्या. समुद्राचे पाणी उकळून गोडे केलेले पाणी मोजून मिळायचे. तेवढ्यात ती बोटींवरच्या शेकडो चादरी धुवायची. तिचा नवरा फारिअ होडी वल्हवायचा. तो सकाळी मळकी गाठोडी आणायचा आणि दुसऱ्या दिवशी घड्या पोचवायचा. एका कप्तानाच्या बायकोने तर माझ्या घड्या पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. कपडे कोणाचे आहेत, हे मी कधी विचारले नव्हते. इस्त्रीला फक्त सुरकुती दिसते.

मग तुर्क आणि इटली यांचे युद्ध सुरू झाले. आमच्या बंदरावर राज्य इंग्रजांचे, आणि ते या युद्धात नव्हते. एके दिवशी बंदराचा शिपाई वरसमे धक्क्यावर उभा राहिला आणि सरकारचे फर्मान वाचू लागला. वरसमे सोमाली होता, उंच आणि भिडस्त. फर्मान त्यालाही नीट कळले नसावे, कारण तो प्रत्येक ओळ दोनदा वाचत होता.

"सरकार तटस्थ आहे. तटस्थ आहे! लढणाऱ्यांची बोट आली तर एक दिवस, एक रात्र थांबेल. कोळसा मिळेल तो घरी पोचण्यापुरता. हत्यारं नाहीत, दारूगोळा नाही. लढाईची ताकद वाढेल असं काहीही कोणी द्यायचं नाही. चिठ्ठीशिवाय होडी जवळ न्यायची नाही."

"तटस्थ म्हणजे काय रे?" दुर्राने विचारले.

"काठावर उभं राहायचं, खाला. पाण्यात उतरायचं नाही." तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"आणि माझ्या इस्त्रीचा कोळसा?"

"डोकं खाऊ नकोस, खाला. मला सांगितलं तेवढं मी सांगतो."

मी मात्र घाबरले. कोळसा बंद झाला तर मी जगायचे कसे? दुसऱ्या दिवशी पोटात निखारे पडले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. फर्मान मला तेव्हा कळले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही पुरते कळलेले नाही.

दोन महिन्यांनी एक राखाडी युद्धनौका आली. इटलीची. फारिअने रीतसर चिठ्ठी घेतली आणि तिच्यावरून खलाशांच्या पोशाखांची अकरा गाठोडी आणली. दुपारपर्यंत दुर्राने सगळी धुऊन दोरीवर घातली. कपड्यांतून काजळीचे काळे पाणी निघाले. ती काजळी धुराड्याची की तोफेची, ते मला सांगता येणार नाही.

त्याच दुपारी तुर्कांच्या ताब्यातल्या मोखा बंदराहून एक शिडाचे गलबत आले. त्यावरचे लोक धक्क्यावरच बसून रडू लागले. मोख्यावर समुद्रातून गोळे पडले होते. मोख्यात दुर्राची धाकटी बहीण नजीबा राहायची, किनाऱ्यापासून तिसऱ्या घरात. तिचे काय झाले, हे गलबतावरच्या कोणालाच माहीत नव्हते.

फारिअ धावत घरी आला. "उतरव ते कपडे! समुद्रात फेकतो एकेक!"

"हीच बोट होती का?" दुर्राने विचारले.

"हीच असेल, नाहीतर हिची बहीण असेल. काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"तू वेडी आहेस."

"असेन," दुर्रा म्हणाली आणि खाली बसली. तिने मला भरले नाही आणि बाजूलाही ठेवले नाही. मी तिच्या पुढ्यात थंड बसून राहिले. दोरीवर ते पांढरे कपडे वाऱ्याने फुगत होते आणि त्यांच्यात माणसे असल्यासारखी दिसत होती. शेजारच्या बायका दारात येऊन नुसत्या बघत होत्या. एकीने थुंकून तोंड फिरवले. ती कपड्यांवर थुंकली की दुर्रावर, हे कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरसमे आला. "खाला, बोट दुपारी निघाली पाहिजे. ज्याचे कपडे त्याला परत दे. तटस्थ बंदरात कोणाचा माल अडवता येत नाही."

दुर्राने माझ्यात निखारे भरले. दोन सदरे झाले असतील नसतील, तोच वरसमे पुन्हा आला. त्याला घाम फुटला होता.

"देऊ नकोस, खाला. साहेब म्हणतात, गणवेश हे लढाईचं सामान आहे. त्यानं ताकद वाढते."

दुर्राचा हात थांबला, मी तिच्या मुठीतच राहिले. पुन्हा थोड्या वेळाने पावले वाजली.

"दे, पण आले तसे दे. बंदरात आलं तसंच बाहेर गेलं पाहिजे, जास्त नाही, कमी नाही."

"आले तसे म्हणजे मळके?"

वरसमेने डोके खाजवले.

"मग आता काय, पुन्हा मळवू का रे?"

शेजारच्या बायका हसल्या. वरसमेही हसला आणि लगेच त्याने तोंडावर हात ठेवला. दुर्रा मात्र हसली नाही. ती उठली आणि थेट बंदर कचेरीकडे चालू लागली. मी तिच्या हातातच होते, पोटात निखाऱ्यांसकट. मला खाली ठेवायचे तिच्या लक्षात नव्हते, की मुद्दाम नेले, हे मला आजवर उमगलेले नाही.

कचेरीत साहेब जाडजूड पुस्तक उघडून बसला होता. तोही रात्री झोपलेला दिसत नव्हता. मागोमाग आलेल्या वरसमेने दोघांचे बोलणे एकमेकांना सांगितले. साहेबाने बरीच पाने उलटली आणि शेवटी एका चिठ्ठीवर लिहिले, 'धुतलेले द्यावेत, इस्त्री करू नये.' मित्रांनो, मोठ्या सरकारने माझ्याबद्दल लिहिलेले हे एकच वाक्य. त्याने माझा मान झाला की अपमान, हे ठरवायला मला वेळच मिळाला नाही.

कारण दुर्रा म्हणाली, "साहेबांना विचार, माझी बहीण मोख्यात आहे. त्या बोटीवरच्यांना ते विचारतील का, गोळे कुठे कुठे पडले?"

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "सरकार तटस्थ आहे. आम्हाला विचारता येत नाही."

"मग मला येतं का?"

वरसमेने हे सांगितल्यावर साहेब पुन्हा पुस्तक चाळू लागला. खूप वेळ चाळत राहिला. मग त्याने मान हलवली. त्याबद्दल त्यात काहीच लिहिलेले नव्हते.

घरी येऊन दुर्राने कपडे गोळा केले. इस्त्री केलेले दोन सदरे तिने हातांनी चुरगळले आणि बाकीच्यांत टाकले. फारिअ म्हणाला, "मी त्यांचं काही वल्हवणार नाही." दुर्रा एकटीच होडीत बसली आणि तिने वल्हे उलटे धरले. तो तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होडीत उतरला. "सरक. हाडं मोडून घेशील."

मलाही तिने बरोबर घेतले होते, मी तिच्या पायाशी होते.

जहाजाच्या शिडीवर एक खलाशी गाठोडी घ्यायला उतरला. त्याच्या मिशांत पांढरे केस होते. दुर्राने शेवटचे गाठोडे धरून ठेवले. तिला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला तिची. ती एवढेच म्हणाली, "मोखा?"

खलाशाचा चेहरा उजळला. "मोखा! मोखा!" म्हणत त्याने हवेतला पेला उचलला, कॉफी प्यायल्यासारखे केले आणि बोटांचा मुका घेतला. त्याला वाटले, ही मोख्याच्या कॉफीबद्दल विचारते आहे. मग त्याने दुर्राच्या तोंडाकडे पाहिले आणि त्याचे हसू अर्ध्यातच थांबले. तो मागे वळून वर कोणाला तरी काही विचारू लागला. तेवढ्यात शिट्टी झाली, शिडी वर ओढली गेली आणि होडी मागे सरली. त्याने काय विचारले, त्याला काय उत्तर मिळाले, त्याला काही माहीत होते की नव्हते, यातले काहीच आम्हाला कळले नाही.

दुर्राने मला उचलले आणि पाण्यावर धरले.

"ठेव खाली," फारिअ हळूच म्हणाला. "ती आपली आहे."

तिने मला मांडीवर घेतले. माझ्यात अजून ऊब होती.

पस्तीस दिवसांनी उत्तरेकडच्या लहेज गावाच्या वाटेने उंटांचा तांडा आला आणि त्यात नजीबा होती. घराची समोरची भिंत पडली होती आणि तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. दुर्रा तिला धरून खूप रडली. चार दिवस नजीबा कोपऱ्यात बसून कॉफीच्या सालींचा काढा पीत राहिली. पाचव्या दिवशी तिने विचारले, "शेजारच्या बायका म्हणतात ते खरं का? त्यांचे कपडे तू धुतलेस?"

दुर्रा तिच्या उजव्या कानाशी गेली. "धुतले. इस्त्री नाही केली."

"का?"

"सरकारनं सांगितलं म्हणून."

नजीबा तिच्याकडे बघत राहिली. "आणि सरकारनं सांगितलं नसतं तर?"

नजीबाने पेला खाली ठेवला, दोरीवरची एक चादर ओढली आणि माझ्यात निखारे घातले. त्या दिवसापासून दोघी बहिणी समोरासमोर बसून काम करू लागल्या. एक पाणी शिंपडायची, दुसरी मला फिरवायची. त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढची वीस वर्षे ऐकायला टपून होते. ते कोणी दिले नाही आणि पुन्हा कोणी विचारलेही नाही.

आता दोघीही नाहीत. विजेची इस्त्री आली, तिला कोळसा लागत नाही. दुर्राच्या नातीने मला दाराशी ठेवले. मला टाकले नाही, हे तिचे उपकार.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी इस्त्री असेल, तर तिला घासूनपुसून चकचकीत नाही केली तरी चालेल. फक्त झाकण उघडा आणि आतली राख काढा. निखाऱ्याने लोखंड कधी बिघडत नाही. आत राहून गेलेली राख मात्र खाऱ्या हवेत ओलावते आणि हळूहळू बूड खाते. माझी राख काढायची राहून गेली आहे.