गवंड्याच्या लेकीचे नेचे

कल्पना करा, तुमच्या घरामागे दोन उंच भिंतींच्या मधे एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे ऊन कधी पोचत नाही. माती कायम ओलसर. गुलाब लावा, मान टाकतो. मिरची लावा, रुसते. दिसली ती जागा? आता तिथे नऊ वर्षांची एक मुलगी उकिडवी बसवा. सारखी माती उकरते म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. तिचे बाबा गवंडी.

थंडीच्या आधी मुंगीने तिथे चार नेचे लावले होते. नेच्याला फूल नाही, फळ नाही, नुसती झालरीसारखी पानं. पण सावलीत तो खूश असतो. "थंडीत पानं वाळतील, घाबरू नकोस," रोपवाटिकेतल्या मावशी म्हणाल्या होत्या. "चिवट जात आहे. थंडी सरली की कोंब येतील."

थंडी सरली. मावशींकडचे नेचे वीतभर झाले आणि मुंगीच्या पट्टीत मात्र शुकशुकाट.

"रविवारी इथे सिमेंटचा कोबा करतो," बाबा म्हणाले. "निदान सायकली तरी ठेवता येतील."

"आणि त्याआधी कोंब आला तर?"

"तर पट्टी तुझी. शब्द दिला."

शनिवारी संध्याकाळी मुंगी धावतच रोपवाटिकेत गेली. मावशींनी एकच प्रश्न विचारला, "लावलेस किती खोल?"

"हातभर! वर माती घालून थापीने ठोकून बसवले. बाबा म्हणतो, पाया खोल तर भिंत पक्की."

मावशी हसता हसता बाकावर बसल्या. "अगं गवंड्याच्या लेकी, झाड लावलंस की खांब रोवलास? मुळांच्या वर गाठ असते ना, तो नेच्याचा माथा. तिथूनच कोंब फुटतात. तो मातीबाहेर हवा. तू तर बिचाऱ्याच्या नाकातोंडात माती कोंबलीस!"

मुंगी घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. रविवारी सकाळी फावड्याचा खरखराट ऐकून मुंगी अनवाणीच मागे पळाली. बाबांनी वाळू-सिमेंट कालवायला घेतलं होतं.

"बाबा, थांब! मी त्यांना पुरून ठेवलंय!"

"मुंगे, माल कालवून झालाय. घट्ट झाला की दगड होईल."

"थोडंच थांब!"

ती बोटांनी उकरू लागली. पहिला नेचा निघाला तो काळा, मऊ, कुजका. दुसराही तसाच. मुंगीचे डोळे भरून आले, पण बोटं थांबली नाहीत. तिसऱ्याच्या खड्ड्यात काहीतरी टणक लागलं. तिने फुंकर मारली. माती उडाली आणि तपकिरी लव असलेली, घट्ट गुंडाळलेली एक गाठ दिसली, तान्ह्या बाळाच्या मुठीसारखी. तिने नखाने हळूच लव बाजूला केली.

आत हिरवं होतं!

"बाबा! हिरवंय! जिवंत आहे!"

बाबा फावडं टाकून गुडघ्यांवर बसले.

"एवढं खोल कोणी पुरलं याला?"

"मी. तूच शिकवलंस ना, पाया खोल हवा."

बाबांनी कपाळावर हात मारला आणि ते खो खो हसले. "म्हणजे चूक मिस्त्रीचीच! बरं, आता हा घमेलंभर माल काय तुझ्या डोक्यावर थापू?"

"कडेने विटा लाव. माती धरून राहील."

"जशी आज्ञा, मालकीणबाई."

बाबा विटा आणायला वळले. मुंगीने त्यांच्या पिशवीतून विटांची ओळ सरळ ठेवायची दोरी काढली, दोन खुंट्या ठोकल्या आणि मातीच्या पातळीवर दोरी ताणून बांधली. तिसऱ्या नेच्याखाली माती भरत भरत तिने तो वर घेतला. मुळं दोरीच्या खाली, मूठ दोरीच्या वर. मग माती ठोकायची थापी तिने पट्टीबाहेर नेऊन ठेवली, परत येऊन चौथ्या खड्ड्याशी बसली आणि दोन बोटांनी, अगदी हळू, माती उकरू लागली.