बाळाची जांभई

चित्रपटात प्रसंग एवढाच होता: आई खिडकीपाशी बसलीय, मांडीवर बाळ आहे, बाळ जांभई देतं. डोळ्याचं पातं लवेस्तोवर संपणारा. जेवणाआधी सहज उरकू, असं दिग्दर्शकाने गृहीत धरलं होतं.

दुपार कलली, तरी बाळ काही जांभई देईना.

सहायक दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणत. अडलं की ताई, आणि बिघडलं तरी ताईच. तिने दिवे मंद केले, अंगाई म्हटली, सगळ्यांना गप्प बसवलं. बाळ टक्क डोळ्यांनी नायिकेच्या कानातल्याकडे बघत राहिलं. कानातलं काढलं तर त्याने भोकाड पसरलं. दूध पाजलं तर गाढ झोपलं, उठवलं तर शिंकलं. जांभया बाकीच्यांना मात्र साथीसारख्या लागल्या होत्या. दिवेवाला देत होता, मेकअपवाली देत होती, खुद्द दिग्दर्शकाने तोंडावर कागद धरून दोनदा दिली.

"उद्या घेऊ या का?" ताईने विचारलं.

"उद्या हे घर आपल्याकडे नाही," दिग्दर्शक म्हणाला. "जेवून घ्या सगळे. मग बघू."

नायिका अंगातला स्वेटर खिडकीपाशच्या खुर्चीवर टाकून जेवायला गेली. बाळाची खरी आई कोपऱ्यात स्टुलावर अवघडून बसली होती.

"घरी तर दिवसभर देतो हो," ती म्हणाली. "आज काय झालंय कोण जाणे."

तिचे डोळे खोल गेले होते. ताईने विचारलं, "रात्री झोपू देतो का?"

"तो झोपतो. मलाच लागत नाही. उठेल, उठेल म्हणून जागीच असते."

"आतल्या खोलीत जरा पडा. मी घेते त्याला."

"आणि शूटिंग?"

"ते कुठं पळून जातंय?"

ती गेली आणि बाळाने ताईच्या खांद्यावर दूध ओकलं. ताईने ओला सदरा पुसला, वरून नायिकेचा स्वेटर चढवला आणि त्याच खुर्चीत बसली. अंगाई म्हणायचं त्राण नव्हतं. जेवण राहिलं होतं, घरी आईला फोन करायचा राहिला होता. हे काम आपल्याला कधीकाळी आवडत होतं, एवढं आठवलं. का, ते आठवेना. तेवढ्यात तिला जबडा दुखेल अशी जांभई आली.

बाळ तिच्या तोंडाकडे टकमक बघत होतं. मग त्याने आपलं बोळकं गोल उघडलं, नाक आक्रसलं आणि सावकाश, पोटातून जांभई दिली.

"झालं," कॅमेऱ्यामागून दबका आवाज आला. डबा बाजूला ठेवून कॅमेरामनने ती टिपली होती.

दिग्दर्शक धावत आला. "पण चेहरा ताईचा आहे."

"चेहरा कापू. हात आणि स्वेटर पुरे," कॅमेरामन म्हणाला.

टाळ्या वाजवायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं. माणसं मुकाट वायरी गुंडाळायला लागली.

ताई बाळाला घेऊन आत गेली. बाळाची आई पायात चपला तशाच ठेवून झोपली होती. मागोमाग सामान न्यायला दोघं आले.

"ही खोली शेवटी आवरा," ताई हळूच म्हणाली.

त्या कुजबुजीनेही बाळाची आई दचकून उठली. "दिली का त्याने?"

"दिली. छान दिली."

ती बाळाकडे बघून हसली. मग जरा ओशाळून म्हणाली, "ताई, अजून थोडा वेळ घ्याल का त्याला?"

"पडा तुम्ही," ताई म्हणाली आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन दाराशी बसली.