चार नंबरचं चेंबर

"साधं आहे हो," असं आमरीन ज्याला त्याला सांगायची आणि साफ खोटं सांगायची. साधं असतं तर त्यात तिचे आठ महिने गेले नसते, आणि अम्मीनं रोज रात्री "या पोरीला कुणाची नजर लागली" म्हणून मिरच्या ओवाळल्या नसत्या.

औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या माथ्यावर तिचं दहा बाय बाराचं ऑफिस. तिथं बसून तिनं ‘पाणी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसते शब्द. ‘पाणी’ हा मुख्य हुकूम आणि त्याच्या पोटात छोटे हुकूम: उघड, बंद, दाब, यादी. ‘पाणी उघड ७’ लिहून एंटर मारलं की शहराबाहेर रस्त्याकडेच्या चेंबरमधला सात नंबरचा व्हॉल्व्ह मोटरवर फिरायला लागायचा. पण आमरीनचा खरा जीव होता तो या हुकमांच्या सांगाड्यावर. सांगाडा नीट बांधला की उद्या नवा हुकूम लागला तर आणून नुसता अडकवायचा, बाकीच्यांना धक्का लागत नाही. नियम एकदाच सांगाड्यात लिहायचे आणि सगळ्या हुकमांनी ते निमूट पाळायचे. याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो काही उगाच नव्हता.

हे सगळं चाललं होतं बायपासच्या पलीकडच्या अकरा सोसायट्यांसाठी. दहा वर्षांपूर्वी तिथं तूर उभी असायची. मग इमारती उभ्या राहिल्या. बिल्डरांनी जिम दिली, फाटकावर सिमेंटचे सिंह दिले, पाणी तेवढं द्यायचं राहून गेलं. शेवटी अकरा सोसायट्यांनी मिळून पाणी संघ काढला, एका बंद पडलेल्या कारखान्याची जुनी पाइपलाइन घेतली आणि पंपघरात दोन मोटरी बसवल्या. त्या साली पावसानं दगा दिला होता. धरणात किती उरलं याचा आकडा रोज पेपरात पहिल्या पानावर यायचा, आणि सोसायट्यांना पाणी मिळायचं आठव्या दिवशी, तेही पाळीपाळीनं.

या पाळ्या लावायचं काम सांडूमामांचं. मामा मूळचे पिशोरचे. कारखान्यापासूनच ते या लाइनीवर होते. पाइपलाइन विकली गेली तेव्हा तिच्याबरोबर तेही आल्यासारखे संघाकडे आले. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, खाली खडखडणारी मोपेड, आणि एकवीस व्हॉल्व्ह पाठ. संघाचे सचिव साहेबराव यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "हे कॉम्प्युटरचं सुरू झालं की मामांना आराम." आराम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मामांनाही कळलं. ते चहा अर्धा ठेवून उठले.

तरी आमरीनला त्यांनी तीन दिवस मोपेडवर मागं बसवून सगळी लाइन दाखवली. कुठला व्हॉल्व्ह जड फिरतो, कुठल्या चेंबरचं झाकण दोघांशिवाय उचलत नाही, सगळं. मग पंधरा दिवस चाचणी झाली. मामा शेजारी उभे राहून सांगायचे, "आता सात उघड. हां. आता चार बंद कर," आणि आमरीन एकेक हुकूम टाइप करायची. एकदाही अडलं नाही.

तो मंगळवार होता, मे महिन्यातला, सकाळचे साडेदहा. पंपघराचा पत्रा तापून कडकड वाजत होता. आज संघाचे चार सभासद बघायला आले होते आणि साहेबरावांना त्यांच्यासमोर नवल दाखवायचं होतं: चार, पाच, सहा या व्हॉल्व्हवरच्या सोसायट्यांचं पाणी सात, आठ, नऊकडे एका ओळीत वळवायचं, चावी नाही, मोपेड नाही, माणूस नाही.

"मामांना विचारून घेऊ या का?" आमरीन म्हणाली. "ते चार नंबरच्या चेंबरमध्ये उतरलेत. जोड गळतोय म्हणाले."

"उतरू द्या की. त्यांना विचारायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" साहेबराव हसले. सभासदही हसले.

आमरीनला ते हसणं आवडलं नाही, पण तिनं हुकूम लिहिला. पाणी, उघड सात आठ नऊ, बंद चार पाच सहा. मामा सांगायचे त्याच क्रमानं. एंटर. पडद्यावर ओळ उमटली: क्रम लावला, आधी बंद, मग उघड. हा सांगाड्यातला तिचा आवडता नियम होता. हुकूम कसेही लिहा, सांगाडा त्यांना शहाण्यासारखं रांगेत उभं करणार.

"चार मिनिटं लागतील बंद व्हायला," तिनं सांगितलं. साहेबरावांनी सभासदांना थंडगार सोडा वाटायला सुरुवात केली.

दाबाचा आकडा दर दहा सेकंदांनी खाली उमटत होता. नेहमीचा तीन किलो. मग तीन दशांश चार. चार. तिला वाटलं सेन्सर चुकतोय, नवीनच बसवलाय. चार दशांश आठ. पाच दशांश दोन. सेन्सर चुकला तर वरखाली होतो, असा एकाच बाजूला चढत जात नाही. मोटरींचा आवाजही बदलला होता, जड माणूस जिना चढताना कण्हतो तसा. आणि मग आमरीनला उमगलं.

तीन व्हॉल्व्ह बंद होत होते. दुसरे तीन अजून उघडलेच नव्हते. मोटरी मागून पाणी ढकलत होत्या आणि त्या पाण्याला पुढं जायला वाट उरत नव्हती. चाळीस वर्षांचा गंजका पाइप मध्ये, आणि त्याच्या सगळ्यात कच्च्या जोडाशी सांडूमामा सहा फूट खोल वाकून बसलेले.

तिनं कंट्रोल-सी दाबलं. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम थांबला, पण चेंबरमधल्या मोटरीला एकदा मिळालेला हुकूम ती पुरा करणारच होती. तिनं ‘उघड ७’ टाइप केलं. उत्तर आलं: दुसरं काम चालू आहे, थांबा. हेही तिचंच. दोघांनी एकदम हुकूम देऊ नयेत म्हणून तिनं सांगाड्यालाच कुलूप घातलं होतं आणि प्रोग्रॅम मध्येच तोडल्यानं ते न निघता आता तिच्याच तोंडावर लागलं होतं. कुलपाची फाइल शोधून तिनं पुसली, पुन्हा ‘उघड ७’. या वेळी हुकूम गेला. पण सात उघडायलाही चार मिनिटं. सहा किलो.

मामांना फोन लावला. उचलला एका बाईनं.

"मी आवडाबाई, चहावाली. मामा खाली हायेत, पिशवी माझ्यापाशी ठिवलीय."

"आवडाबाई, मामांना वर काढा! आत्ताच्या आत्ता! पाइप फुटणार आहे!"

"अगं बया," एवढंच ऐकू आलं, आणि फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज.

आमरीन उठली. "साहेबराव, मोटरी बंद करा."

साहेबरावांच्या हातात सोड्याची बाटली होती. "काय?"

"मोटरी बंद करा. लाइनीत पाणी कोंडलंय."

"आठ दिवसांनी पाणी चाललंय, आमरीनबाई. मोटरी बंद केल्या तर पुन्हा हवा काढायला दोन तास. तोवर लाइट जाते. तीन सोसायट्या उद्या माझ्या दारात हंडे घेऊन बसतील." त्यांनी सभासदांकडे बघून घेतलं. "तुम्ही शांतपणे बघा, कुठंतरी बारीकसं काहीतरी असेल."

लाल बटण त्यांच्या पाठीमागं होतं आणि ते दारात पहारा द्यावा तसे त्याच्यापुढं उभे होते. सहा दशांश सहा. आमरीनला त्या क्षणी दोन गोष्टी अगदी स्वच्छ दिसल्या. सेन्सर बिघडला, व्हॉल्व्ह अडकला, असं काहीही सांगितलं तर हा माणूस अजून दोन मिनिटं वाद घालेल. आणि खरं सांगितलं तर आठ महिन्यांचं काम या चार लोकांसमोर, याच खोलीत संपेल.

"चूक माझी आहे," ती ओरडली. "मी उलटं लिहिलंय. आधी उघडायला पाहिजे होतं, मी आधी बंद केलं. खाली मामा आहेत, साहेबराव. माझ्या चुकीनं मरतील ते. सरका!"

साहेबराव सरकले नाहीत, वळले, आणि स्वतःच बटणावर मूठ मारली. माणूस वाईट नव्हता, हे इथं सांगायलाच हवं. मोटरी घरघरत बसल्या. आकडा सात दशांश एकवर गेला, थबकला, आणि एकदम दोनवर आला. आमरीनला सुटल्यासारखं वाटायला लागलं तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की दाब असा एकदम उतरतो तो पाइप फुटल्यावर.

ती पळत सुटली. अर्धा किलोमीटर रस्ता, पायात पातळ चपला, ओढणी कुठं पडली ते कळलं नाही. उलटं का लिहिलं, हे पळता पळता तिच्या डोक्यात आपोआप उलगडत गेलं. तिनं हा नियम कुठून आणला होता? घरून. त्यांच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी यायचं. हंडा भरला की आधी तोटी बंद, मग नळी दुसऱ्या हंड्यात, मग तोटी उघड. एक थेंब सांडला तर अम्मी पाठीत धपाटा घालायची. आधी बंद, मग उघड. या शहरातलं प्रत्येक लेकरू हेच शिकून मोठं होतं. तिला तो नियम लिहिताना नियम वाटलाच नव्हता, अक्कल वाटली होती. पण घरच्या नळामागं चाळीस घोड्यांची मोटर नसते.

चार नंबरपाशी माणसं जमली होती. चेंबरमधून पाणी उसळून रस्त्यावर पसरलं होतं आणि बायका, पोरं, वॉचमन, जो तो जे हाताला लागलं ते घेऊन ते भरत होता. गर्दी फोडून ती पुढं गेली. सांडूमामा आवडाबाईच्या टपरीच्या फळीला पाठ लावून बसले होते, नखशिखांत भिजलेले. आवडाबाईनं ताडपत्रीची दोरी सोडून खाली टाकली होती आणि दोन रिक्षावाल्यांनी ती ओढली होती. मामांचा उजवा हात मनगटापासून नको तिकडं वळला होता. ते त्या हाताकडं बघत होते, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे.

"मामा," आमरीन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

हाताला प्लास्टर, बरगडीला मुका मार. लाइन दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत अकरा सोसायट्यांनी संघाचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. आमरीननं बैठकीत पुन्हा उभं राहून सांगितलं की चूक तिची. काम काढून घेतील अशी तिची खात्री होती. पण साहेबराव म्हणाले, "चूक सापडलीय ना? मग दुरुस्त करा आणि सुरू करा. मामांचा हात आता दोन महिने चालायचा नाही, आम्हाला तरी दुसरा इलाज काय?"

चौथ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात गेली. मामा खाटेवर बसून डाव्या हातानं मोसंबं सोलायचा प्रयत्न करत होते. तिनं ते घेतलं आणि सोलून फोडी हातावर ठेवल्या.

"मामा, माफ करा. मी तीन दिवस सगळं लिहून घेतलं, पण आधी काय, मग काय, ते विचारलंच नाही."

मामांनी एक फोड खाल्ली. मग म्हणाले, "इचारलं असतंस तरी सांगितलं नसतं."

आमरीनला आधी कळलंच नाही.

"समदं दावलं तुला. हे एक ठिवलं. म्हटलं, एखांदी गोष्ट आपल्यापाशी राहू दे. मशीन कुठंतरी अडंल, मंग साहेबराव म्हणतील, बोलवा सांडूला. एवढंच डोक्यात व्हतं. मी समोर हाये तवर एकेकच करशील, असं वाटलं. एका दमात सहा करशील, हे ध्यानात आलं नाय."

तिला संताप आला. डोकं फिरावं असा. तीन रात्री ती या माणसासाठी झोपली नव्हती. "तुम्ही मेला असतात, मामा!"

"व्हय," मामा म्हणाले. "आपल्याच हातानं."

पंखा कुरकुरत फिरत होता. तिचा राग काही टिकला नाही. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्यांची बोटं सुजून जांभळी झाली होती आणि ती बघितल्यावर रागाला धरायला काही उरेना.

"आता नीट केलंस?"

"केलं. आधी उघड, मग बंद. सांगाड्यातच घातलंय. कुणी कसंही लिहिलं तरी तसंच होणार. आणि दाब वाढला तर सगळं सोडून उघडणार."

"मंग आता माझं काय काम?"

काहीतरी गोड बोलता आलं असतं. तुमच्याशिवाय कसं चालेल, तुमचा अनुभव, असलं. साहेबरावांनी तेच सांगितलं असतं. आमरीनच्या जिभेवरही ते आलं होतं.

"माहीत नाही, मामा."

मामांनी मान हलवली. उरलेल्या फोडी त्यांनी तशाच उशाशी ठेवल्या आणि समोरच्या रिकाम्या खाटेकडं तोंड वळवलं. आमरीनला वाटलं, आता उठावं. ती उठलीही.

"कागद हाये का?"

तिच्याकडं औषधांची चिठ्ठी होती. तिनं ती उलटी करून मांडीवर घेतली.

"दोन नंबरच्या चेंबरात वायू साचतोय. झाकण काढून अर्धा घंटा थांबल्याबिगर उतरायचं नाय. अकरा नंबरला शिडीची दुसरी पायरी धरायची नाय, ती नुसती टेकवलीय, ती मीच टेकवलीय. सोळाच्या खालून लाइटीची वायर गेलीय, नकाशात नाय."

आमरीन लिहायची थांबली. "हेही ठेवलं होतं?"

"हे बी ठिवलं व्हतं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली तसे मामा खेकसले, पंधरा दिवस चाचणीत खेकसायचे तस्सेच.

"बघतीस काय? एकवीस वाल तुझं मशीन फिरवंल, पर जोड गळला की खाली माणूसच उतरणार. मी नसलो तर दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू उतरंल. लिही."