तिसऱ्या घरचा जोगवा

सुमंगलाला मोबाइलवर टाइप करता येत नव्हतं, पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. शिलाई मशीनवर तिची बोटं वाऱ्यासारखी चालत, पण काचेवरच्या त्या इवल्याशा बटणांपुढे ती आंधळी. म्हणून ती बोलायची. माइकचं चित्र दाबून धरायचं, मोबाइल ओठांजवळ न्यायचा आणि सुरू व्हायचं. देवासच्या त्या गल्लीत फॉल-पिको करून देणारी बाई म्हणून तिला सगळे ओळखत. मोहल्ल्याच्या ग्रुपवर मात्र तिच्या सकाळच्या ‘जय माता दी’ला कुणी साधा अंगठासुद्धा दाखवत नसे.

नवरात्र बसलं आणि ग्रुपवर बच्चा चोरांचा मेसेज आला. भीक मागण्याच्या बहाण्यानं बायका येतात, पोरं पळवतात, सावध राहा. कुणी हूं की चूं केलं नाही. सुमंगलाला मात्र खरंच काळजी वाटली. गल्लीतली पोरं दिवसभर मोकाट, आया टीव्हीपुढे. लोकांनी ऐकायला पाहिजे होतं, आणि लोक ऐकतात कधी, तर कुणीतरी डोळ्यांनी पाहिलंय म्हटलं की. तिनं माइक दाबला.

“भाई-बहनों, कल दोपहर हमारी गली में आई थी. मैंने अपनी आँखों से देखी.”

कशी होती? तिथं ती जरा अडली. दारोदार मागत फिरणारी बाई तिनं लहानपणापासून नीट पाहिली होती ती एकच, तिची आई, नवरात्रात देवीचा जोगवा मागताना. खोटं बोलायला बसलं तरी माणूस घरातलंच सामान वापरतं. “पूरा माथा हल्दी से पीला, हाथ में टोकरी, देवी का नाम लेती है. बच्चे को कुंकू लगाती है और बच्चा उसके पीछे-पीछे चल देता है. मेरे तो हाथ-पाँव ठंडे पड़ गए.” आवाज थरथरत होता, कारण बोलता बोलता त्या बाईची तिलाच भीती वाटायला लागली होती.

संध्याकाळपर्यंत ग्रुप नुसता उकळला. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली विद्युल्लता मॅडम ब्लाउजचं माप देतानासुद्धा सुमंगलाशी तुटक बोलायची. तिनं चक्क हात जोडले. “दीदी, बहुत अच्छा किया. मैंने सबको फॉरवर्ड कर दिया.” सुमंगला हरखली. आपण खोटं बोललो असं तिला वाटलंच नाही. पोरांच्या भल्यासाठी दोन शब्द जास्तीचे, त्यात कुणाचं काय बिघडलं?

शुक्रवार उजाडला. धारला राहणाऱ्या सुनेला, अंकिताला, तिनं सकाळीच फोन करून आठवण दिली. मुलाची, गोलूची, नोकरी पीथमपुरात, कंपनीच्या बसनं जाणं-येणं, म्हणून दोघांनी धारच्या कडेला नव्या कॉलनीत खोल्या घेतल्या होत्या. लग्नानंतरचं हे पहिलं नवरात्र. घरची रीत अशी की नव्या सुनेनं शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. मूठभर पीठ, चिमूटभर तांदूळ, जे मिळेल ते. देवीपुढे मान खाली घालायला शिकायचं, दुसरं काय.

अंकिताचं माहेर धार जिल्ह्यातल्या गंधवानीचं. मराठी समजायची सगळी, पण बोलता बोलता घसरून हिंदीत जायची. “मम्मी, इथं कोणी पहचानत नाही हो मला. लोकं काय म्हणतील? अजीब वाटतं.”

“अजीब कशाला? भवानीचं काम आहे ते.” सुमंगलाचा आवाज चढला. “आमच्या सासूबाईंनी तर मला अनवाणी फिरवलं होतं. कपाळभर हळद लाव, लाजू नको. दारात उभी राहून ‘अंबाबाईचा जोगवा’ म्हण. पोरीबाळी दिसल्या तर त्यांना कुंकू लाव, देवीच असतात त्या. पाच घरं झाल्याशिवाय माघारी फिरू नको, अर्धा जोगवा देवीला चालत नाही.”

“हो मम्मी. चार वाजता जाते, काम निपटवून.”

दोन्ही बोलण्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे सुमंगलाच्या मनातसुद्धा आलं नाही. जोगवा तो जोगवा, भीक ती भीक. नवरात्रीच्या साड्यांचा ढीग पडला होता. ती मशीनवर बसली.

ऊन कलायच्या सुमाराला मोबाइल वाजला. विद्युल्लता मॅडमनं ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. वर लिहिलं होतं, ‘धार में पकड़ी गई’. सुमंगलानं उत्सुकतेनं दाबला, आणि आधी तिला आपलाच आवाज ऐकू आला. ‘पूरा माथा हल्दी से पीला.’ तिला वाटलं मोबाइल बिघडला. पण नाही, कुणीतरी तिचा आवाज त्या व्हिडिओवर चिकटवला होता. चित्रात माणसांच्या पाठी होत्या, रस्त्यावर पीठ सांडलं होतं, आणि एक परडी कलंडून पडली होती. परडीला लाल खण आणि त्यावर गोट्याची, सोनेरी जरीची, किनार. ती किनार सुमंगलानं स्वतः शिवली होती. मग कुणीतरी केस धरून एक पिवळं कपाळ वर उचललं.

सुमंगला मशीनवरून ताडकन उठली. अंकिता!

तिनं अंकिताला फोन लावला. घंटी वाजत राहिली. गोलूला लावला, बंद. कंपनीत शिरताना मोबाइल गेटवर जमा करतात, हे ठाऊक असूनही तिनं पुन्हा पुन्हा लावला. नवऱ्याला, भगवंतला, लावला. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्याचं चुनरी-नारळाचं दुकान, नवरात्रीची गर्दी, ढोल, लाउडस्पीकर, त्याला कसली घंटी ऐकू येतेय! पोलिसांना मात्र लागला. तिकडून विचारलं, “कॉलनी का नाम?” आणि तिला ते नाव आठवेना. सुनेच्या घरी दोनदा राहून आलेली बाई, पण नाव आठवेना. “नई कॉलनी, भिया, पेट्रोल पंप के पीछे, जल्दी जाओ, मार डालेंगे उसको,” एवढंच ती बोलू शकली. “भेजते हैं,” तिकडून उत्तर आलं.

तिनं परत अंकिताचा नंबर दाबला. या वेळी उचलला गेला.

“हाँ, कौन?” पुरुषाचा आवाज. मागे कल्ला.

“भिया, वो मेरी बहू है! छोड़ो उसको!”

“इसके फोन में मम्मी लिखा आ रहा है,” तो कुणाला तरी म्हणाला. “ये भी गैंग की होगी. स्पीकर पे डाल.”

“हमारे में रिवाज है, भिया, हम मराठी लोग. नवरात्रि में जोगवा माँगते हैं, देवी के नाम का...”

“छोटी बच्ची को कुंकू क्यों लगा रही थी?”

“वो भी रिवाज है! मैंने बोला था उसको!”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “रुक, रुक. ये आवाज तो...” मग पलीकडून, जवळून, तिचाच आवाज वाजला. ‘मैंने अपनी आँखों से देखी.’ त्यांनी दुसऱ्या मोबाइलवर तो मेसेज लावून ताडून पाहिला होता.

“वोई है भिया! वोई देवास वाली दीदी!” त्या माणसाचा स्वर एकदम नरमला. “दीदी, आपने ही तो बताया था. पीला माथा, टोकरी, कुंकू. सब वैसा ही मिला.”

आता खरं सांगायचं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, पोलीस दारात येतील. हे सगळं त्या एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं, आणि पुढे जन्मभर तिला त्या श्वासाचीच लाज वाटत राहिली. पलीकडे कुणीतरी हुंदका दिला. तो हुंदका तिच्या ओळखीचा होता.

“मैंने झूठ बोला था!” ती किंचाळली. “कोई नहीं आई थी हमारी गली में! मैंने मन से बनाया. वो मेरी बहू है, भगवान के लिए छोड़ दो उसको!”

पलीकडे गलका झाला. एक म्हणाला, “सुन, मना कर रही है.” दुसरा ओरडला, “अरे नकली है! आजकल मोबाइल में किसी की भी आवाज बना लेते हैं. असली तो वो पहले वाली है!” कुणीतरी कुणाला ढकललं. फोन बंद झाला.

परत लावला तर बंद. परत, तरी बंद.

मग तिनं ग्रुपवर माइक दाबला. रडत रडत सगळं सांगितलं, व्हिडिओतली माझी सून आहे, मी खोटं बोलले, तो मेसेज पुढे पाठवू नका, पुसून टाका. मेसेज गेला. ती बघत बसली. विद्युल्लता मॅडमनं लिहिलं, ‘दीदी, किसी ने धमकाया क्या? डरना मत, हम आपके साथ हैं.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. तेवढ्यात सरदारपूरच्या नात्यातल्या बाईनं सुमंगलालाच तो व्हिडिओ पाठवला, सुमंगलाच्याच आवाजातला. वर लिहिलं होतं, ‘सावधान.’ पहिला आवाज गावोगाव धावत होता. दुसरा गल्लीच्या बाहेरसुद्धा पडला नाही.

ती उंबऱ्यावर बसून राहिली. देवीला हात जोडावेत तर कुठल्या तोंडानं? अंकिता मेली असेल, हा एकच विचार डोक्यात येई, आणि तो येऊ नये म्हणून ती कपाळ चौकटीवर आपटत राही.

टेकडीवर आरती सुरू झाली तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी.

“मम्मी.”

“अंकिता! बाळा, कुठं आहेस? बोल!”

“पोलीस थाण्यात. ठीक आहे मी. हात सुजलाय, केस...” ती थांबली. “तिसऱ्या घरी कुंकू लावलं त्या छोटीला, तर तिची आजी चिल्लावली. सब जमा झाले. मग तुमच्या फोनवरून ते आपसमध्येच लढायला लागले, असली की नकली. तेवढ्यात दुसऱ्या घरच्या सीताभाभींनी हात धरून आत ओढलं. त्यांनीच पीठ घातलं होतं मला. आतून कुंडी लावून दरवाज्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या, पोलीस येईपर्यंत.”

“देवी पावली गं,” सुमंगला रडायला लागली. “माझं चुकलं, बाळा. मी फोनवर सांगितलं ना त्यांना, ओरडून सांगितलं...”

“ते नाही, मम्मी. त्याच्या आधीचं.” अंकिताचा आवाज अगदी बारीक झाला. “पकडल्या पकडल्याच एकानं मोबाइल काढून तो मेसेज लावला, सगळ्यांना सुनवायला. मी खाली पडले होते, काही दिसत नव्हतं. फक्त तुमचा आवाज आला. मला वाटलं, मम्मी आल्या. आता सोडतील.”